वादळातल्या होडीचं लाकूड सुकं का दिसतं: तैलरंगातला काळोख वाळल्यावर राखाडी पडतो तेव्हा

मृग लागला की माझ्याकडे रविवारी शिकायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी कॅनव्हास प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणतं आणि तीच तक्रार सांगतं. रंग लावला तेव्हा काळोख छान गडद होता, आठ दिवसांनी वाळला आणि जागोजाग राखाडी पडला. थोडा भाग चकचकतो, थोडा खडूचा हात फिरवल्यासारखा दिसतो. वरून परत गडद रंग दिला, तर तोही आठ दिवसांत तसाच. कुणी तीनदा देतं, कुणी पाचदा देतं, आणि शेवटी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवून देतं.

बरोक काळातलं, म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपासच्या युरोपातलं, धार्मिक चित्र नकलेला घेतलं की हा त्रास हमखास होतो, कारण त्या चित्रांत निम्म्याहून जास्त जागा काळोखाचीच असते. इटलीचा काराव्हाज्जो घ्या, हॉलंडचा रेम्ब्राँट घ्या. उजेड एका अंगाने येतो, चार-दोन चेहऱ्यांवर आणि हातांवर पडतो, बाकी सगळं अंधारात राहतं. निसर्गचित्रात एखादी सावली थोडी फिकी पडली तर खपून जाते. इथे अंधार फिका पडला की उजेडाला टेकायला जागाच राहत नाही.

उत्तर आधी सांगते, म्हणजे ज्यांचा कॅनव्हास आत्ता समोर आहे त्यांनी ब्रश खाली ठेवावा. तुमचा रंग चुकलेला नाही. वरच्या थरातलं तेल खाली शोषलं गेलंय. वरून आणखी रंग देऊ नका. आधी त्या जागेला तेल परत द्या आणि मग बघा.

हे मला फार उशिरा कळलं. मी रेम्ब्राँटचं गालील समुद्रातल्या वादळाचं चित्र नकलेला घेतलं होतं. १६३३ सालचं चित्र, तेव्हा तो जेमतेम सत्तावीस वर्षांचा. मूळ कॅनव्हास १६० बाय १२८ सेंटीमीटरचा. मी लांबी-रुंदीने बरोबर निम्मा घेतला, ८० बाय ६४, म्हणजे चौकटी आखून उतरवताना हिशेब सोपा जातो. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला प्रसंग आहे. येशू आणि शिष्य होडीतून पलीकडे निघालेत, वादळ उठतं, होडीत पाणी भरायला लागतं, आणि येशू मागच्या बाजूला झोपलेला आहे. शिष्य घाबरून त्याला उठवतात. रेम्ब्राँटने नेमका तोच क्षण धरलाय. डावीकडे नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेवर उभी चढलीय, फाटकं शीड फडफडतंय, पाच जण त्या शिडाशी आणि दोरखंडांशी झुंजतायत आणि आभाळातून पडलेला पिवळट उजेड सगळा त्यांच्यावर आहे. उजवीकडे, खालच्या अंगाला, होडीचा मागचा भाग अंधारात आहे. तिथे येशू, त्याला हलवून जागं करणारे, एक जण काठावर वाकून ओकतोय, आणि टोकाला सुकाणू धरलेला माणूस. होडीत मोजून चौदा माणसं आहेत. येशू आणि बारा शिष्य मिळून तेरा; चौदावा एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरची टोपी धरून थेट आपल्याकडे बघतो. त्याचा चेहरा रेम्ब्राँटचा स्वतःचा आहे असं मानतात.

मी मालवणची. समुद्र अंगावर आलेली होडी आम्ही लहानपणापासून बघितलेली, म्हणून हेच चित्र घ्यायचं ठरवलं. त्यात एक अडचण होती. मूळ चित्र आज कुणालाच बघता येत नाही. बॉस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयातून १८ मार्च १९९० च्या पहाटे पोलिसांच्या वेषात आलेल्या दोन चोरांनी ते फ्रेममधून कापून नेलं. एकूण तेरा वस्तू गेल्या, आजवर एकही परत आलेली नाही. रिकामी फ्रेम तिथेच टांगून ठेवली आहे. रेम्ब्राँटचं समुद्रावरचं हे एकमेव चित्र. आपल्या हातात उरतात ते चोरीच्या आधीचे फोटो, आणि प्रत्येक फोटोत काळोख वेगळा. त्यामुळे नक्कल करणाऱ्याला आधीच खात्री नसते की हा काळा किती काळा. त्यात आपला कॅनव्हास राखाडी पडला की माणूस गोंधळतो, आपला मिश्रणाचाच अंदाज चुकला असं धरून चालतो. माझं तेच झालं.

चैत्रात सुरुवात केली होती. अंबर या तपकिरी मातीच्या रंगाने खालचा थर, मग हळूहळू आभाळ, शीड, फेस. मे संपेपर्यंत उजेडाची बाजू बरी जमली. मागच्या अंधाराला हात घातला आणि पाऊस सुरू झाला. वैशाखात तीन दिवसांत वाळणारा थर आषाढात दहा दिवस बोटाला लागायचा. मला घाई. मी रंगात टर्पेंटाइन वाढवलं. पातळ रंग लवकर वाळतो असं वाटलं, आणि वाळलाही. पण वाळल्यावर सुकाणूवाल्याच्या अंगावर, होडीच्या फळ्यांवर, येशूच्या मागच्या अंधारावर राखेसारखे पट्टे. मी वरून आणखी गडद थर दिला, आणखी टर्पेंटाइन घालून. असे चार थर.

१ जून ते ३१ जुलै आमच्याकडे मासेमारी बंद असते, त्यामुळे शेजारचे काका त्या दिवसांत घरी. पडवीत चित्र बघून त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, "बाई, ही होडी पाण्यात आसा काय वाळूर ओढून ठेवलेली? लाकूड सुक्या दिसता."

बाहेर त्यांची होडी झावळ्यांनी शाकारून ठेवली होती आणि तिचं लाकूड खरंच तसंच दिसत होतं, फिकट करडं. तीच फळी पाण्यात गेली की काळीभोर होते. लाकूड तेच, रंग तोच. मला तेव्हा पहिल्यांदा हा प्रश्न रंगाचा नसून पृष्ठभागाचा आहे हे दिसलं.

जांभ्याचं कुंपण आठवा. वैशाखात धुळकट, फिकट विटकरी. पहिली सर आली की गडद लालबुंद. पावसाने दगडाला रंग लावलेला नसतो. कोरड्या दगडाच्या बारीक खडबडीत अंगावर उजेड सगळीकडे विखुरतो, त्यातला पांढरेपणा आपल्या डोळ्यांत येतो आणि खालचा खरा रंग झाकला जातो. पाण्याने ती भोकं भरली की उजेड आत शिरतो आणि खरा रंग दिसतो. तैलरंगात पाण्याचं हे काम तेल करतं. रंगातलं तेल खालच्या थराने किंवा कॅनव्हासच्या प्रायमरने ओढून घेतलं की वर रंगाची भुकटी जवळजवळ उघडी पडते. पांढऱ्या-पिवळ्यात ते जाणवत नाही, गडद रंगात लगेच दिसतं. आमच्याकडे याला 'रंग बसला' म्हणतात.

आधी ओळख पटवा

सगळाच फिकेपणा रंग बसल्यामुळे येतो असं नाही. थर पूर्ण वाळलेला असेल तर बोट पाण्यात बुडवून त्या राखाडी जागेवर हलकं टेकवा. ओल असेपर्यंत तिथे काळोख परत आला आणि पाणी उडताच गेला, तर रंग बसलाय. ओलं असतानाही तो दुधाळच राहिला, तर तुम्ही सावलीत पांढरा मिसळलाय. तो दोष तेलाने जाणार नाही, मिश्रण बदलावं लागेल. आणि ते पांढुरकं कोरड्या मऊ कापडाने पुसून निघालं, किंवा ठिपक्याठिपक्यांनी आलंय आणि कुबट वास येतोय, तर बुरशी आहे. कॅनव्हास उलटा करून बघा, बुरशी बहुतेक वेळा मागून सुरू होते. तिच्यावर तेल अजिबात लावू नका, तेल तिचं खाद्यच. आधी उघड्यावर, कोरड्या हवेत, मास्क लावून मऊ ब्रशने झटका आणि कॅनव्हासची जागा बदला.

तेल परत द्यायचं कसं

माझ्या कॅनव्हासच्या मागच्या भागाला, म्हणजे साधारण दोन तळहातांएवढ्या जागेला, अर्धा चमचा मिश्रण पुरून उरलं. यावरून अंदाज घ्या. चित्रकारांसाठीचं स्वच्छ लिनसीड, म्हणजे आपलं जवसाचं तेल, आणि तेवढंच टर्पेंटाइन. हार्डवेअरच्या दुकानात दारं-खिडक्यांना लावायला उकळलेलं लिनसीड मिळतं ते घेऊ नका, ते पुढे फार पिवळं पडतं.

जुन्या धुतलेल्या मलमलीच्या तुकड्याची छोटी पुरचुंडी करा, कारण नव्या कापडाचे तंतू काळोखात चिकटून बसतात आणि उजेडात पांढरे दिसतात. पुरचुंडी मिश्रणात टेकवा, पिळा, आणि आज जिथे काम करायचंय तेवढ्याच जागेवर हलक्या गोल हाताने फिरवा. इथे थांबून बघा, हा क्षण फार सुंदर असतो. राखेतून आधी फळीची कड वर येते, मग दोन फळ्यांमधली फट, मग खांद्याची वळणं. तुम्ही काढलेलं सगळं तिथेच होतं.

पाचेक मिनिटं तसंच ठेवा. मग कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा, आणि परत पुसा. बोट फिरवलं तर घसरायला नको, नुसता ओलसरपणा जाणवला पाहिजे. हीच पायरी लोक चुकतात. तेल जितकं जास्त तितका काळोख खोल, असं वाटून थर तसाच सोडतात. ते साचलेलं तेल वर साय धरतं, सुरकुततं आणि काही वर्षांनी मधासारखं पिवळं होतं. पुसल्यावर जेवढं राहील तेवढंच पुरे. दुसऱ्या दिवशी एखादी जागा परत सुकी वाटली तर ती वाळू द्या आणि आणखी एकदा तसाच पातळ हात फिरवा. खाली चार थर तहानलेले होते म्हणून मला तीनदा करावं लागलं.

आता खरा काळोख समोर आहे. आत्ता ठरवा गडद करायचंय की नाही. माझ्या बाबतीत उलटच निघालं. चार थरांनी सुकाणूवाला जवळजवळ बुजून गेला होता. मला काळोख वाढवायचा नव्हता, त्यातला माणूस परत शोधायचा होता.

एक गोष्ट कृपा करून विसरू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं तेव्हा उष्णता सुटते, आणि ती घडीच्या आत कोंडते. काम झालं की चिंधी पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा अंगणात दगडावर एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा. पडवीत लाकूडफाटा, झावळ्या असतात त्या घरात तर हे नेमाने करा.

मुळात रंग बसतो कशाने

वर लिहिलेल्या प्राणवायूतच आपल्या पावसाळ्यातली चूक दडली आहे. टर्पेंटाइन उडून जातं. तेल उडत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. दमट, थंड, कमी उजेडाच्या हवेत त्याला वेळ लागतो. टर्पेंटाइन वाढवून तेल लवकर वाळत नाही, फक्त थरातलं तेलाचं प्रमाण कमी होतं. म्हणजे दमट हवा, त्यावर आपली घाई, घाईमुळे टर्पेंटाइन, टर्पेंटाइनमुळे भुकेला थर, आणि त्या भुकेल्या थरावर दिलेला पुढचा थरही तो पिऊन टाकतो. हे चक्र दर आषाढात फिरतं.

म्हणून खालचा पहिला थर तेवढा टर्पेंटाइनने पातळ करा, तोही पाण्यासारखा नको. त्यानंतरच्या प्रत्येक थरात तेलाचा वाटा आधीच्यापेक्षा थोडा वाढता ठेवा. घाई खरंच असेल तर अल्किड माध्यम, म्हणजे तैलरंगात मिसळायचा झटपट वाळणारा तयार द्रव, वापरा, त्याने थर लवकर वाळतो आणि भुकेलाही राहत नाही.

दुसरं कारण कॅनव्हासचं. मी पैसे वाचवायला भिंतीचा प्रायमर लावला होता आणि गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात खडूची पूड घातली होती. तो टिपकागदासारखा तेल पीत होता. तयार कॅनव्हासही काही वेळा फार शोषणारा निघतो. कोपऱ्यात तेलाचा एक थेंब टाका. मिनिटाभरात आत मुरला तर ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे कॅनव्हासला रंगाआधी द्यायच्या तयार पांढऱ्या अस्तराचे, आणखी दोन हात द्या, मध्ये बारीक पॉलिश पेपर मारा. त्यावर मातकट तैलरंगाचा एक पातळ हात पुसून घ्या आणि निदान दोन आठवडे वाळू द्या. हा रंगीत थर नुसत्या शोषणापुरता नाही. रेम्ब्राँटच्या १६३० च्या दशकातल्या अनेक कॅनव्हासवर खाली तांबूस मातीचा आणि वर करड्या रंगाचा असे दोन थर सापडतात. पांढऱ्या कॅनव्हासवर काळोख भरत जाण्यापेक्षा अशा मध्यम अंधारातून उजेड वर काढणं कितीतरी सोपं जातं. आमच्याकडे गेरू आणि पिवडी घराघरात असते, तो रंग डोळ्यांसमोर ठेवून बर्न्ट सिएना हा तांबूस मातकट रंग आणि अंबर मिसळा. जुन्या पुस्तकांत सरसाचा थर द्यायला सांगितलंय तो किनाऱ्यावर टाळा. सरस दमट हवा ओढतो, कॅनव्हास ढिला-ताठ होत राहतो आणि बुरशीला खायला मिळतं.

तिसरं कारण रंगाचं. अंबर मुळात बसणारा रंग आहे, त्यात मँगनीज असल्याने वाळतो मात्र पटकन. आयव्हरी ब्लॅक उलट, फार सावकाश वाळतो, माझ्याकडे आषाढात दोन आठवड्यांहून जास्त. त्याच्यावर झटपट वाळणारा अंबर दिलात तर पुढे तडे जातात. मी आता ट्यूबमधला काळा वापरतच नाही. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन निळा मिसळून गडद करते आणि त्यात माध्यमाचे दोन थेंब घालते. निळा थोडा जास्त घातला की समुद्राचा काळोख, अंबर जास्त घातला की लाकडाचा. एकाच ट्यूबमधल्या काळ्यातून हा फरक निघत नाही.

रेम्ब्राँटच्या चित्रात काळोख पातळ आणि उजेड जाड असतो, हे नक्कल करताना सतत मनात ठेवावं. नाळेवर फुटणारा फेस मी सुरीने ठासून लावला, पण मागच्या अंधारात खालचा तांबूस थर दिसत राहील इतकाच रंग ठेवला. आमच्या सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचं दिवा हातात घेतलेल्या बाईचं चित्र बहुतेकांनी छापील स्वरूपात पाहिलेलं असतं. मूळ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते जलरंगातलं आहे. माध्यम वेगळं, तरी अंधार पातळ आणि आरपार असला की दिव्याचा उजेड कसा उठतो हे शिकायला त्याच्याइतकं जवळचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी रेम्ब्राँटच्या आधी तेच दाखवते.

पावसाळ्यात काम चालू ठेवायचं असेल तर

कॅनव्हास बाहेरच्या जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. मधल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर पुढे, मागून हवा खेळेल असा ठेवा आणि पंखा मंद चालू ठेवा. ओला कॅनव्हास कपाटात बंद करू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. तसा पिवळेपणा आलाच असेल तर घाबरू नका, खिडकीजवळच्या सौम्य उजेडात काही आठवड्यांत बराचसा उतरतो. कॅनव्हास ढिला पडला म्हणून कोपऱ्यातल्या पाचरी ठोकत सुटू नका. मार्गशीर्षात हवा कोरडी झाली की तोच कॅनव्हास ताणून बसतो आणि थराला चिरा पडू शकतात.

व्हर्निशचं विचारणारे बरेच असतात. व्हर्निश लावलं की सगळं सारखं चकचकीत होईल, मग तेलाचा उपद्व्याप कशाला? पातळ थरांच्या चित्रालाही निदान सहा महिने द्यावे लागतात, जाड फेस असेल तर वर्ष. आणि भर पावसात व्हर्निश लावलं तर ओल अडकून वर दुधी धुकं येतं. दिवाळीनंतरचा कोरडा दिवस बघून लावा, तोवर तेलाचा पातळ हात पुरतो.

माझी पहिली नक्कल काही वाचली नाही. चार थरांखालचा सुकाणूवाला परत मिळाला नाही, तो भाग घासून नव्याने केला आणि तिथला पोत उरलेल्या चित्रापासून वेगळा पडला. दुसरी मी पुढच्या कार्तिकात सुरू केली, अंधार आधी आणि उजेड नंतर, म्हणजे पाऊस येईपर्यंत काळोखाचे सगळे थर वाळलेले असतील. मूळ चित्रात रेम्ब्राँटने सही सुकाणूवर केली आहे. नकलेत ती उतरवू नका, सुकाणू कोरंच ठेवा. मी माझं नाव कॅनव्हासच्या मागे पेन्सिलीने लिहिते, खाली 'रेम्ब्राँटवरून' आणि साल, आणि त्याखाली प्रत्येक वेळी तेल दिल्याची तारीख आणि कुठल्या भागाला दिलं ते. दुसऱ्या नकलेच्या मागे अशा दोनच तारखा आहेत, दोन्ही श्रावणातल्या, दोन्ही सुकाणूजवळच्या फळ्यांच्या.